तुम्ही आहात ना, मग भीती कसली

४ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही मला दुसऱ्या वाक्याला अडवता आणि तिसऱ्याला व्याख्या विचारता. इथे तुम्हाला गुपचूप शेवटपर्यंत ऐकावं लागेल. जन्मभर कॉलेजात नीतिशास्त्र शिकवलंत, आता पेपरात ‘नैतिक पेच’ हे सदर लिहून अनोळखी लोकांचे संसार सावरताय. (मामी म्हणते, बिघडवताय.) तर एकदा घरच्या भाचीचाही पेच सोडवा.

तलावावर मी मोठ्या माणसांना पोहायला शिकवते हे तुम्हाला ठाऊक आहेच. लहान मुलं घाबरली की सरळ भोकाड पसरतात. मोठी माणसं घाबरली की कारणं सांगतात. कानाला दडा बसलाय, पाठ धरलीय, आज पाण्याचा रंग वेगळाच दिसतोय.

सकाळच्या वर्गाला एक गृहस्थ येतात. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून मी त्यांना चष्मेवाले म्हणते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. “बाई, मी इथे येतो हे कुणाला कळता कामा नये. बायकोला तर नाहीच नाही. ती समजते, मी पट्टीचा पोहणारा आहे.” मी शब्द दिला.

दुपारच्या वर्गाला एक बाई येतात. शाळेत गणित शिकवतात. तलावाचा काठ अशा धरतात की सोडवायला पकड लागेल. त्यांनीही मला बाजूला घेतलं. “आमच्या ह्यांना कळता कामा नये हं. मी कॉलेजात पोहण्याची बक्षिसं मिळवलीत असं सांगून बसलेय.” मी त्यांनाही शब्द दिला. माझं काय जात होतं?

परवा माझ्या चष्म्याचा स्क्रू निघाला म्हणून दुकानात गेले. आत गणिताच्या बाई स्टुलावर बसून वह्या तपासत होत्या आणि मधूनच हक्कानं “अहो, पंखा जरा कमी करा” म्हणत होत्या. मला पाहून दोघंही पांढरेफटक. चष्मेवाले बायकोच्या पाठीमागून मला हात जोडायला लागले, बाई वहीआडून मान हलवायला लागल्या.

“या तुमच्या ओळखीच्या का?” बाईंनी विचारलं.

“छे! तुझ्या?”

“आज पहिल्यांदाच बघतेय.”

आणि दोघंही माझ्याकडे इतक्या परकेपणानं बघू लागले की मलाच माझी ओळख पटेना. स्क्रू बसवून घेतला आणि पळाले.

आता खरी गोम. त्यांच्या मुलीनं आणि जावयानं पुढच्या महिन्यात तळ्यावर सहल ठरवलीय. जावई होडीवेडा. त्यानं जाहीर केलंय, “मधोमध गेलो की सासरे, सासूबाई आणि मी, तिघंही उडी मारू!” म्हणून तर ही धावपळ. सहलीपर्यंत दोघांपैकी एकही तरंगणार नाही, हे मी आजच लिहून देते.

दोघांना दिलेले दोन शब्द माझ्या गळ्यात अडकलेत. गिळू की थुंकू?

तुमची,
बदक


९ फेब्रुवारी

चि. बदके, अनेक आशीर्वाद.

तुझा पेच वाचून चित्त प्रसन्न झालं. (तुझं झालं नसेल, पण अभ्यासकाचं तसंच असतं. दुर्मीळ रोग दिसला की डॉक्टरही मनातून खूश होतो.)

आता नीट वाच. शब्द देताना तू ‘जर’ किंवा ‘तर’ घातला होतास का? नाही. मग तो बिनशर्त झाला. वचन सोयीचं असताना पाळणारे रस्त्यात पायलीचे पन्नास मिळतात. गैरसोयीचं झाल्यावर जो पाळतो, त्यानंच ते खरं दिलेलं असतं. शिवाय त्या दोघांनी एकमेकांना काय सांगावं हा त्यांचा प्रश्न. तू पोहायला शिकवतेस, संसार करायला नाही. तेव्हा तोंडाला कुलूप लाव आणि किल्ली तलावात टाक.

अशीच लिहीत जा. तुझा पेच कसा सुबक आहे! इकडच्या वाचकांचे पेच म्हणजे शेजाऱ्याची मोटार आपल्या दारात, याच्या पुढे जात नाहीत.

तुझा,
मामा

ता. क. मी मामी. कुलूप-किल्लीचं वाचून मला हसू आवरेना. यांच्या मित्रानं यांना विश्वासात घेऊन सांगितलेली गोष्ट काल हे दूधवाल्याला सांगत होते.


१५ फेब्रुवारी

मामा,

कुलूप लावलं होतं. आज ते आतून वाजायला लागलंय.

काल मी गणिताच्या बाईंना म्हटलं, “होडीत काहीही झालं तरी लाइफ जॅकेट अंगावर हवं.” त्यांना रागच आला. “जावयासमोर? चॅम्पियन बाई जॅकेट घालते होय? आणि समजा गेलाच तोल, तर हे आहेत ना! हे असताना मला भीती कसली?”

आज सकाळी तेच चष्मेवाल्यांना सांगितलं. ते हसले. “वेळ आलीच तर ती आहे की. मला मानगुटीला धरून काठाला आणेल. ती असताना मला कसली भीती?”

मामा, मी शिट्टी तोंडात धरून नुसती उभी राहिले.

मग ते काठावर बसून, पाय पाण्यात हलवत, गप्पा मारायला लागले. म्हणाले, ही पोहण्याची थाप लग्नाआधीची. एका मित्राकडे दोघांची ओळख झाली. तिनं विचारलं, “तुम्हाला छंद काय?” यांना एकही सुचेना, भिंतीवर समुद्राचं चित्र होतं, म्हणून म्हणाले, “पोहणं.” तर ती चटकन म्हणाली, “अय्या, माझाही!” यांना वाटलं, काय योग जुळून आलाय.

पुढे म्हणाले, मुलगी चार वर्षांची असताना ते समुद्रावर गेले होते. बाई छत्रीखाली वह्या तपासत होत्या, हे पेपर वाचत होते. पोर छातीभर पाण्यात गेली, लाटेनं पडली. एका परक्या माणसानं तिला उचलून आणलं. “मी उठलो नाही,” म्हणाले, “म्हटलं, ती जाईल, ती माझ्यापेक्षा सरस. ती का उठली नाही कोण जाणे. बहुतेक म्हणाली असेल, हे जातील.” आणि हसले.

त्यांना हा किस्सा गमतीचा वाटतो. मला नाही वाटला. ते जे शास्त्र तुम्ही शिकवलंत, त्यात या किश्श्याला काय म्हणतात ते कळवा. आणि लवकर कळवा.

बदक


१८ फेब्रुवारी

चि. बदके,

मागच्या पत्रातलं मत मागे घेतो. मत मागे घेणं हा विचाराचा दोष नाही, व्यायाम आहे.

जीव धोक्यात असेल तिथे वचनाची मुदत संपते. तुझ्या गप्प राहण्यानं कुणी बुडालं, तर ‘मी शब्द पाळला’ हे वाक्य तू कुणाच्या तोंडावर म्हणणार आहेस? तेव्हा दोघांना बोलाव आणि स्पष्ट सांग. लाज चार दिवसांत वाळते. समुद्राचा किस्सा वाचून मामी उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तुला माझी दोन्ही मतं एकमेकांच्या विरुद्ध वाटतील. वाटू देत. दोन्ही बरोबर आहेत, हीच तर या विषयाची मौज आहे.

जाता जाता एक. रविवारचा पेपर तुमच्याकडे येत असेल, तर मुद्दाम घेऊ नकोस. हल्ली छपाईच्या चुका फार असतात.

मामा


२५ फेब्रुवारी

मामा!

छपाईत एकही चूक नव्हती. मी दोनदा वाचलं.

‘एका शिक्षिकेचा पेच.’ पोहण्याच्या जागी तुम्ही गाडी चालवणं घातलंत. चष्मेवाल्यांचे घड्याळवाले केलेत आणि गणिताच्या बाईंच्या भूगोलाच्या बाई! हे काय वेषांतर झालं? खोटी मिशी काढून हातात धरायची आणि म्हणायचं, ओळखू आलो का? वर शेवटी उपदेश: ‘विश्वासानं सांगितलेली गोष्ट ही ठेव असते.’ माझी ठेव कुठे गेली, मामा? रविवार पुरवणीत, पान तीन.

घाबरत घाबरत तलावावर गेले. चष्मेवाले कात्रण घेऊनच आलेले.

“वाचलंत का बाई? काय लोक असतात! एका घरात राहून बायकोला गाडी येत नाही हे त्या घड्याळवाल्याला कळू नये? मी असतो तर नुसत्या चेहऱ्यावरून ओळखलं असतं. माझा धंदाच नजरेचा.”

मी म्हटलं, “हो ना.” दुसरं काय म्हणणार?

दुपारी गणिताच्या बाई. त्यांच्याकडेही तेच कात्रण. एक पेपर दोघांनी वेगवेगळा विकत घेतला असावा.

“अगदी माझ्यासारखंच आहे हो,” म्हणाल्या. “पण निदान अर्धंच. आमच्या ह्यांना तरी खरंच पोहता येतं. हे भूगोलवाले म्हणजे दोन्हीकडून शून्य!”

“मग त्या शिक्षिकेनं काय करायला हवं होतं?” मी हळूच विचारलं.

“कणाच नाही त्या बाईला. लेखवाल्यालाही नाही, नुसता शब्दांचा पसारा. अहो, सांगायचं कशाला? दोघांना एका गाडीत बसवायचं. तोंडातून शब्द न काढता उत्तर बाहेर.”

गणिताच्या बाईंनीच गणित सोडवून दिलं, मग मी कोण ते नाकारणारी? तलावाची जाळी साफ करायची आहे. खरंच आहे, महिनाभर रखडलीय. ती सोमवारी दुपारी करायची असं मी आत्ताच ठरवलं. म्हणजे दुपारच्या मंडळींना त्या दिवशी सकाळच्या वर्गात यावं लागेल. मी कुणाला काहीही सांगितलेलं नाही. सांगितलं तर जाळीनं सांगितलं.

आणि यातला एक शब्द जरी छापलात, तर तुम्ही मला सायकल शिकवताना स्वतः गटारात पडला होतात, ते मी तुमच्या संपादकांना सविस्तर कळवीन.

बदक


२८ फेब्रुवारी

चि. बदके,

चुकलो. लेख निघत नव्हता, संपादकांचा माणूस दारात उभा होता, आणि तुझं पत्र टेबलावर उघडं होतं. ही कारणं आहेत, समर्थन नाही. कारण आणि समर्थन यांतला फरक मीच शिकवायचो. मामी दोन दिवस माझ्याशी फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ बोलतेय, त्यातही ‘नाही’ जास्त.

‘शब्दांचा पसारा’ हे मात्र जिव्हारी लागलं.

जाळीबद्दल: तू खोटं बोलत नाहीस, पण खरंही बोलत नाहीस. या प्रकाराला आमच्या शास्त्रात एक नाव आहे. ते सांगितलं तर तू कचरशील, म्हणून सांगत नाही. कर.

मामा


५ मार्च

मामा आणि मामी,

झालं. पण जे व्हायला हवं होतं ते नाही झालं.

सोमवारी सकाळी चष्मेवाले उथळ बाजूला, फळी छातीशी धरून, पाय मारत होते. आल्यापासून या माणसानं एकदाही तोंड पाण्यात घातलेलं नाही. मी गोडीनं सांगितलं, रागावून सांगितलं, स्वतः करून दाखवलं. “पुढच्या वेळी नक्की,” हे ठरलेलं उत्तर.

तेवढ्यात पायऱ्यांवरून आवाज आला, “बाई, सकाळी पाणी जास्त गार असतं का हो?”

चष्मेवाल्यांना चष्म्याशिवाय माणूस दिसत नाही, पण तीस वर्षं ऐकलेला आवाज ऐकू येतो. त्यांनी फळी सोडली आणि गडप! टोपीसकट खाली. वर नुसते बुडबुडे. मी शिट्टी तोंडात घातली, उडी मारणार, तोच ते एका जाड्या गृहस्थांच्या पाठीमागे वर आले, श्वास घेतला, पुन्हा खाली. असं भिंतीला धरून धरून ते पलीकडच्या शिडीपर्यंत पोचले आणि वाकून कपडे बदलायच्या खोलीत पळाले. जे मला इतक्या दिवसांत जमलं नाही, ते बायकोच्या एका वाक्यानं केलं.

एक चांगली गोष्टही घडली. या सगळ्या गोंधळात गणिताच्या बाईंनी पहिल्यांदा काठ सोडला. चार हात आत आल्या, नाकातोंडात पाणी गेलं, परत काठाला चिकटल्या. पण सोडला! माझ्या शिकवण्याचं चीज झालं म्हणून मी जोरात टाळ्या वाजवल्या.

वर्ग सुटला. बाई गेल्या. मी खोलीच्या मागे गेले, तर चष्मेवाले टॉवेल गुंडाळून बाकावर बसलेले.

“ती इथे शिकायला येते?”

“तुम्हीच ऐकलंत.”

“म्हणजे तिला येत नाही.”

मला वाटलं आता चिडतील, नाहीतर हसत सुटतील. ते बराच वेळ टॉवेलाचं टोक पिळत राहिले. त्यात पाणी नव्हतंच.

“बाई, त्या दिवशी समुद्रावर,” ते म्हणाले, “मला वाटायचं, आम्ही दोघं होतो. म्हणजे कुणीच नव्हतं.”

मामा, ही गंमत मी केली होती. तिथे उभी राहून मला ती गंमत वाटली नाही.

जाताना त्यांनी नवीन वचन घेतलं: मला कळलंय हे तिला सांगू नका, तिला लाज वाटेल. आता माझ्याकडे तीन वचनं झाली. सहल पुढच्याच आठवड्यात आहे.

बदक


९ मार्च

बदके, मी मामी लिहितेय.

तुझ्या मामांनी तुला चार पत्रं लिहायला घेतली आणि चारही फाडली. एकात वचन जिंकतं, एकात जीव, उरलेल्या दोनांत बरोबरी. काल जेवताना मध्येच म्हणाले, “अगं, आपण दोघं कुठल्या बाबतीत असे आहोत?” मी म्हटलं, “आधी जेवा.”

मला एवढंच कळतं, की ज्या माणसानं बायकोचा आवाज ऐकून बुडी मारली, त्याच्याजवळ हिंमत आहे. फक्त ती चुकीच्या दिशेला गेली. त्याला वळवून दे. सहलीहून परत आले की लगेच कळव. मला झोप लागत नाहीये.

मामी


२० मार्च

मामी, झोप. सगळे कोरडे परत आले.

मामी, तुझं वाक्य मी चष्मेवाल्यांना सांगितलं होतं. ऐकून ते नुसते “हं” म्हणाले. पुढचं सगळं गणिताच्या बाईंच्या तोंडून ऐकलंय. परवा दुपारी आल्या, पण पाण्यात उतरल्या नाहीत. माझ्याशेजारी बसल्या आणि सांगायला लागल्या.

धक्क्यावर जावयानं मुलीला जॅकेट चढवलं आणि म्हणाला, “तुम्हा दोघांना काय गरज!” चष्मेवाले होडीकडे बघत उभे होते. एकदम म्हणाले, “मला पोहता येत नाही.”

मुलगी हसली. “बाबा, काहीतरीच!”

“कधीच येत नव्हतं. थाप मारली होती. आण ते जॅकेट.”

जावयाचा चेहरा पडला, मुलगी बघतच राहिली. बाईंनी पुढे होऊन जॅकेट घेतलं, नवऱ्याला घातलं, एकेक पट्टा करकचून आवळला. मग दुसरं जॅकेट उचलून स्वतः चढवलं.

“आई, तू कशाला? तू तर चॅम्पियन!”

“म्हणून तर. हा माणूस बुडायला लागला तर माझ्याच गळ्याला मिठी मारणार. मग चॅम्पियनपण काय कामाचं?”

मधोमध गेल्यावर जावयानं एकट्यानंच उडी मारली. हे दोघं एकमेकांचे पट्टे धरून बसून राहिले. म्हणे, तळं फार छान होतं.

मी म्हटलं, “बाई, तुम्हाला त्यांचं ऐकून धक्का नाही बसला?”

“कसला धक्का? त्या सोमवारीच कळलं होतं. टोपीतून बाहेर आलेले ते कान मी ओळखणार नाही होय? मला बघून बुडी मारली, आणि वर येईनात. मला काही सुचेना. मी निघालेच त्यांच्याकडे.”

म्हणजे मी ज्याला टाळ्या वाजवल्या, ते माझं शिकवणं नव्हतं. पोहता न येणारी बाई बुडणाऱ्या नवऱ्याला वाचवायला निघाली होती.

“पण त्यांनाही तुमचं कळलं असेल, तर?” मी अडखळत विचारलं. तिसरं वचन इतक्या काठावर आलं होतं!

“कळलंच असणार. नाहीतर जावयासमोर असं बोलणारा माणूस नाही तो. कशासाठी बोलले, ते काय मला कळत नाही?” त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. “पण मला कळलंय, हे त्यांना कळता कामा नये हं. बिचारे इतके खूश आहेत, मला वाचवलं म्हणून.”

हे चौथं वचन.

आता नवीन व्यवस्था अशी. बाई दुपारी माझ्याकडे शिकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच नवऱ्याला शिकवतात, कॉलेजातल्या अनुभवावरून. आज त्यांनी त्यांना पाठीवर तरंगायला लावलं. मानेखाली हात धरून म्हणत होत्या, “अंग सोडा, मी आहे.” चष्मेवाले आढ्याकडे बघत आज्ञाधारकपणे तरंगत होते. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, राग मानू नका, पण ती तुमच्यापेक्षा छान शिकवते.”

मामा, कुणाचीच फसवणूक झालेली नाही आणि कुणीही खरं बोलत नाहीये. मी आता काय करू?

बदक


२४ मार्च

चि. बदके,

काही करू नकोस. उथळ बाजूला लक्ष ठेव.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी संपादकांचा फोन आला. त्या लेखाला एवढी पत्रं कधीच आली नव्हती म्हणे. अर्ध्या वाचकांना घड्याळवाल्यांचं पुढे काय झालं ते हवंय. “तुम्हाला त्या शिक्षिकेकडून काही कळलं का?” तुझं पत्र माझ्या हातात होतं. असा शेवट पुन्हा जन्मात मिळणार नाही, हेही मला दिसत होतं.

मी म्हणालो, “नाही. काहीच कळलं नाही.”

धडधडीत खोटं बोललो. शेजाऱ्याच्या मोटारीवरचा लेख दिला, तो त्यांनी नाक मुरडून घेतला.

फोन ठेवला तेव्हा मामी दारात उभी होती. मी तिला म्हणालो, “आयुष्यभर हा विषय शिकवला, पण आज पहिल्यांदा तो नीट वापरला असं वाटतंय.”

रात्री जेवताना ती माझ्याशी चार वाक्यं सलग बोलली, आणि त्यांतल्या एकातही ‘नाही’ नव्हतं.

तुझा,
मामा